नवसागर आधी

आमच्या गावातला पहिला पदवीधर मी. हे वाक्य मी आजवर पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या निरोप समारंभात, एकदा तर दवाखान्यात हाताला सलाईन लावलेली असताना. मला ते बोलायला आवडतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण ते बोलताना एक भाग मी बहुतेक वेळा गाळत आलो. तो असा, की पहिल्या खेपेला मी बी.एस्सी. नापास झालो होतो. आणि काही येत नव्हतं म्हणून नापास झालो असंही नाही. सगळं येत होतं. आधीचं नंतर केलं आणि नंतरचं आधी केलं, एवढंच.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं गाव देऊळघाटच्या पुढं, डांबरी सडकेपासून गाडीवाटेनं दोन मैल आत. मी बुलढाण्यात खोली करून शिकत होतो. शनिवारी गावी यायचं, आठवड्याचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन सोमवारी परत. घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. बाबांना सही तेवढी करता येत होती, आणि ती ते इतकी दाबून करत की कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी हाताला लागायची.

शेवटच्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक पुडी मिळायची. आत कसलीतरी भुकटी. तिच्यात कोणकोणते धातू आहेत ते शोधून काढायचं. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भुकटी विरघळवली की सगळे पाण्यात एकत्र असतात, एकही ओळखू येत नाही. त्यांना गटागटानं बाहेर बोलवावं लागतं. एक आम्ल टाकलं की पहिल्या गटातले गाळ होऊन तळाशी बसतात. ते गाळून बाजूला ठेवायचे. उरलेल्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला की दुसरा गट येतो. मग तो वायू उकळून घालवायचा, नवसागर टाकायचा, त्यानंतर अमोनिया ओतायचा, की तिसरा गट. असं करत सहाव्यापर्यंत जायचं. यातली एक पायरी जरी खालीवर झाली तरी पुढच्या गटातला मधेच येऊन बसतो, आणि तुम्ही त्याला भलत्याच नावानं ओळखता.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो तोच. तो आधी असला की अमोनियाचा जोर कमी पडतो आणि शेवटच्या गटातलं मॅग्नेशियम पाण्यात दबून राहतं. मी गडबडीत अमोनिया आधी ओतला. पांढरा गाळ आला. मला केवढा आनंद झाला! मी वहीत झोकात लिहिलं, अ‍ॅल्युमिनियम. खरं तर ते मॅग्नेशियम होतं, तीन गट आधीच वर आलेलं.

दुसरी चूक याहून मोठी. अमोनियम आहे की नाही हे सगळ्यात आधी, कोरड्या भुकटीवर तपासायचं असतं. मी ते विसरलो. वेळ संपत आला तेव्हा आठवलं, तेव्हा जे पाणी हाताशी होतं त्यातच तपासलं. लाल लिटमस झटकन निळा झाला. नाकाला अमोनियाचा वासही आला. मी लिहिलं, अमोनियम आहे.

परीक्षक बाहेरगावचे होते, उंच, कपाळावर चष्मा चढवलेले. माझी वही बघून त्यांनी विचारलं, "अमोनियम कुठून आलं?"

"पुडीतून, सर."

"बाटलीतून," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मीच ओतलेला नवसागर, मीच ओतलेला अमोनिया, आणि मलाच तो सापडला. लेखी परीक्षेत मी चांगल्या गुणांनी पास होतो. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे. तिथं नापास झालो.

यात माझं एकट्याचं नुकसान असतं तर गोष्ट वेगळी होती. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी मला जूनपासून या म्हणून सांगितलं होतं, आणि बाबांनी ते सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. निकालानंतर मी त्यांना जाऊन भेटलो तेव्हा ते भले माणूस म्हणाले, "ऑक्टोबरला पुन्हा बसा. तोवर एका जुन्या गुरुजींकडून काम भागवतो. पण तेव्हाही राहिलात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." म्हणजे सगळं एका पुडीवर आलं.

घरी सांगायचं कसं हा प्रश्न होता. मी पोचलो तेव्हा माय अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होती. माझं तोंड बघूनच ती समजली. शेवया घालता घालताच तिनं विचारलं, "गेलं काय?"

"हाव."

ती हळूच म्हणाली, "आता तू काईच बोलू नोको. आधी त्याईले वावरातून येऊ दे, हातपाय धुऊ दे. मंग भाकर वाढतो. अर्धी भाकर खाल्ली का मी गोऱ्ह्याचं सांगतो. मंग तुहं."

"गोऱ्ह्याचं काय?"

"मागच्या पायानं लंगडून राह्यला सकाळपासून. थे आईकून त्याईचं डोकं गरम व्हतेच. मंग त्याच गरमीत तुहंबी खपून जाईन."

मला रसायनात जे तीन वर्षांत जमलं नाही ते मायला उपजत येत होतं. कशाच्या पाठोपाठ काय टाकायचं ते. झालंही तसंच. बाबा गोऱ्ह्यावर, त्याला दगडाळ वाटेनं नेणाऱ्या गड्यावर आणि एकूण बैलांच्या जातीवर भरपूर बोलले, आणि दम घ्यायला थांबले तेवढ्यात मायनं माझं सांगितलं. बाबांनी घास तसाच हातात धरला.

"काऊन? तुले येत नोहतं?"

"येत होतं, बाबा."

"मंग?"

"आगंमागं झालं."

बाबांनी मायकडे बघितलं. "आगंमागं झालं म्हनते. तीन वर्सं बुलढान्याले ठेवलं, अन् आगंमागं झालं म्हनते." मग घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि उठता उठता म्हणाले, "उद्या गोऱ्ह्याचा पाय दाखवून आन. हे तरी नीट कर."

त्या उन्हाळ्यात 'आगंमागं' हा आमच्या घरातला शब्दच होऊन बसला. भाजीत मीठ कमी पडलं तरी माय म्हणायची, आगंमागं झालं वाटते.

पेरणीला मी घरी होतो. आमच्याकडे ज्वारीत तूर घालत. एकटी ज्वारी सहसा कुणी पेरत नसे. ज्वारी भराभर उंच जाते. तूर तिच्या सावलीत गुमान उभी असते, महिनोन् महिने वाढते की नाही तेही कळत नाही. दिवाळीच्या सुमाराला ज्वारी कापून नेली की मग ती अंग सोडते, चहूकडे फांद्या टाकते आणि फुलते. एकाच वावरात एक पीक दुसऱ्याची पाळी संपायची वाट बघत उभं. म्हणून तुरीच्या ओळी ठरलेल्या अंतरानं लागतात. फार जवळ आल्या तर ज्वारी मारली जाते, फार लांब गेल्या तर वर्षाची डाळ जाते.

पेरायचं औत म्हणजे तिफण. तिला तीन फण, त्यामुळं एका फेऱ्यात तीन ओळी पडतात. तिच्यावरच्या लाकडी चाड्यात बाबा मुठीनं ज्वारी सोडत. तीन फेरे नुसत्या ज्वारीचे, आणि चौथ्या फेऱ्यात चाड्याचं एक भोक बोळा कोंबून बंद करायचं. त्या ओळीत मागून चालणारी बाई सरत्यातून, म्हणजे दोरीनं बांधलेल्या बांबूच्या नळीतून, तूर टाकत जायची. बाबांचं सगळं लक्ष बैलांवर आणि मुठीवर. चौथा फेरा आला हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागे.

हे सांगायचं काम दरवर्षी सरत्यावरच्या काकीचं असे. काकी म्हणजे सख्खी नव्हे. शेजारच्या घरातली, पेरणी-निंदणीला आमच्याकडे रोजानं यायची. पन्नाशीची, मिश्रीनं काळे दात, आवाज दोन वावरं ओलांडून जाणारा. ती आकडे मोजत नसे. ती कहाणी सांगायची. एक होती कुंभारीण, भारी चिक्कू, तिच्या घरी पाहुणे येऊ लागले. दर फेऱ्याला एक पाहुणा. पहिल्यात नणंद, दुसऱ्यात दीर, तिसऱ्यात कुणी जोशीबुवा, आणि चौथ्यात कुंभारणीची लेक सासरहून. बाकीचे पाहुणे दरसाल बदलत. लेक मात्र कायम चौथी. लेक दारात आली की काकी ओरडायची, "आली वो बाई!" आणि बाबा बोळा कोंबायचे. त्यांच्या आठवणीत कधी एक ओळ चुकली नव्हती. दिवसा कहाणी सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात. काकीला कुणी तसं म्हटलं की ती म्हणायची, "मले मामाच नाई, कोन चुकते?"

त्या वर्षी मी म्हणालो, "काकी, तुम्ही तूर टाका. मोजायचं माझ्याकडे द्या. कहाणी कशाला पाहिजे त्याला?"

"अन् कुंभारनीचं काय करू? आर्धी राह्यली थे मागच्या साली."

"राहू द्या तिला. चार मोजायला काय लागतं?"

बाबा तिफणीवरून म्हणाले, "मोजू दे त्याले. बीएस्सी हाय." हा टोमणा होता की कौतुक, मला तेव्हा कळलं नाही. काकी तोंड मिटून चालू लागली. एवढी गप्प मी तिला कधी बघितली नव्हती.

आता चार मोजायला खरंच काही लागत नाही. पण माझ्या डोक्यात ऑक्टोबर होता. चालता चालता मी गट घोकत होतो, एका फेऱ्याला एक गट. आणि गट चार नाहीत, सहा आहेत. कधी तिसऱ्या गटाच्या नवसागराशी अडकून तिथंच घोटाळलो आणि "तूर!" ओरडलो, कधी पाचव्यापर्यंत जाऊन ओरडलो. एकदा लागोपाठ दोन फेऱ्यांत तूर पडली. काकीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टाका, टाका." तिनं टाकली.

वहीतली चूक खोडता येते. वावरातली चूक उगवून येते. पंधरा दिवसांत ज्वारीच्या लांब पात्यांमध्ये तुरीची बारकी गोल पानं दिसायला लागली, आणि आमचं वावर नेमकं गाडीवाटेला लागून. सडकेकडे जाणारा-येणारा प्रत्येक माणूस ते वाचत जायचा. एक ओळ इथं, दुसरी पार तिकडं, मग दोन जवळजवळ, मग मोठं मैदान. पारावर बसणाऱ्यांनी त्याला 'कॉलेजचं वावर' नाव पाडलं. शेजारचा एक शेतकरी तर बैलगाडी थांबवून खाली उतरला, बांधावर उभा राहिला आणि मला म्हणाला, "काऊन बे, याच्यात काई गनित हाय काय? का आमालेच समजून नाई राह्यलं?"

बाबांनी ते पीक मोडलं नाही. मी म्हटलं, जवळच्या ओळी उपटून टाकू का? ते म्हणाले, "उगवलं थे उगवलं. आता तिची पाळी यीन तवा यीन." पण त्या पावसाळ्यात सडकेकडे जायचं असलं की ते गाडीवाटेनं न जाता नाल्याकडून फिरून जायचे. ते मला दिसत होतं.

निंदणीला बायका आल्या, त्यात काकी. मी एका ओळीत बसलो होतो. तिनं आपली ओळ सोडली, माझ्या बाजूच्या ओळीत येऊन बसली आणि खुरपं चालवता चालवता म्हणाली, "माही कहानी तुवं बंद केली. आता तू सांग."

"मला कहाणी येत नाही, काकी. मला रसायन येतं."

"येत असतं तं नापास काऊन झाला?"

बायका खो खो हसल्या. आता मागं हटणं शक्य नव्हतं. मी सुरुवात केली. एका पाण्यात बारा धातू होते.

"पान्यात कायले गेले?"

"विरघळले."

"कोन टाकलं त्याईले?"

"कॉलेजवाल्यांनी."

"हे काई कहानी नोहे," काकी म्हणाली. "कोनी कोनाचं लागतच नाई याच्यात."

दोन दिवस मी विचार केला. खरं सांगायचं तर अभ्यास म्हणून नव्हे, तिच्यापुढं हार मानायची नव्हती म्हणून. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा मांडव केला. मांडवात बारा सोयरे, सगळे एकसारख्या पांढऱ्या धोतरात, कोण कुठला कळत नाही. दारावर एकेक माणूस येऊन हाक मारतो. ज्याच्या हाकेला जी माणसं बाहेर येतात ती त्याची. आता काकीचं खुरपं थांबलं. पहिला हाक मारणारा आला, आपले सोयरे घेऊन गेला. दुसरा आला, त्याच्या अंगाला सडक्या अंड्याचा वास. हे बायकांना फार आवडलं. तो आपली माणसं घेऊन गेला, पण वास मागं ठेवून गेला.

"वास ठेवून कसा चालन?" काकी म्हणाली. "मंग तिसरा आला तरी लोक दुसऱ्याच्याच नावानं बाहीर येतीन."

मी दचकलोच. पुस्तकात 'द्रावण उकळून घ्यावे' एवढंच लिहिलेलं होतं, आणि मी तेवढंच पाठ केलं होतं. उकळायचं ते का, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. "बरोबर," मी म्हणालो. "म्हणून उकळून तो वास घालवायचा."

"आसं सांग ना मंग. आधी त्याले वाटंले लाव, मंग तिसऱ्याले बोलाव."

तिसऱ्या दारावर माझी गाडी अडकली. मी म्हणालो, अमोनियाचा आवाज फार मोठा. तो ओरडला की ज्यांना बोलावलेलं नाही तेही बाहेर येतात. म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवायला नवसागर लागतो.

"आन् तुवं काय केलं?"

"मी अमोनियाला आधी बोलावलं."

काकीनं कपाळावर हात मारला. "मंग हात आधी ठेवाले पाह्यजे ना, बाबू! वरडून झाल्यावर तोंड दाबून काय कामाचं?"

नवसागर आधी का, हे तीन वर्षांत मला दोन पुस्तकांनी आणि एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं. प्राध्यापक उत्तम शिकवायचे, त्यांचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी निंदताना ते जसं डोक्यात बसलं तसं कधी बसलं नव्हतं. क्रम मी फळ्यावरच्या यादीसारखा पाठ केला होता. यादीत तिसरं आणि चौथं जागा बदलू शकतात, कुणाला काही वाटत नाही. कहाणीत तसं करायला गेलं की ऐकणारी बाई हात धरते.

अमोनियमचं सांगितलं तेव्हा तर काकी ओळीतच बसली. "थांब. नवसागर तूच आनला?"

"हो."

"मांडवात तूच सोडला?"

"हो."

"आन् मंग तूच म्हने, हे पाहा, मांडवात नवसागर सापडला?"

"हो."

"आईका वो बायांनो, याचं आईका!" ती इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. मग पुन्हा सगळ्यांना पहिल्यापासून सांगायला लावलं. मीही हसत होतो. नापास झाल्यावर त्या गोष्टीला हसू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

निंदणी संपेपर्यंत ती कहाणी तिनं माझ्याकडून किती वेळा वदवून घेतली, मोजलं नाही. तिचा एक कायदा होता. मधे चुकलं की मागं येऊन दुरुस्त करायचं नाही, थेट मांडवापासून सुरू करायचं. बायका कुरकुर करायच्या, "आता पुडं जाऊ दे वो त्याले." काकी ऐकायची नाही. ज्वारी कमरेला आली तेव्हा मी सहाही दारं न चुकता पार करत होतो, आणि ती कंटाळून दुसरी कहाणी मागत होती. माझ्याकडे दुसरी नव्हती.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. तीच लांबलचक खोली, तीच ओली लाकडी टेबलं. परीक्षकही तेच, चष्मा कपाळावर. पुडी उघडली. पांढरी भुकटी. मी काहीही ओतायच्या आधी चिमूटभर कोरडी भुकटी घेतली, कॉस्टिक सोड्याबरोबर तापवली आणि ओला लिटमस धरला. तो निळा झाला. पुन्हा तेच? मग लक्षात आलं की मी अजून कशालाच हात लावलेला नाही. म्हणजे ते पुडीतलंच आहे. या वेळी ते खरंच तिथलं होतं.

पहिल्या गटात कोणी आलं नाही. दुसऱ्या गटासाठी तो वायू लागतो, आणि तो कोपऱ्यातल्या एकाच काचपात्रातून मिळायचा. तिथं आधीच पाच जण रांगेत, आणि वायू संपला. प्रयोगशाळेतला शिपाई म्हणाला, "आम्ल बदलून भरतो, वेळ लागेल." माझ्या शेजारचा मुलगा कुजबुजला, "तोवर तिसरा गट उरकून घेऊ. दुसरा मागून करता येईल." त्यानं अमोनियाची बाटली उचललीसुद्धा. घड्याळ पुढं जात होतं. माझ्या हातात परीक्षानळी होती, आणि त्या नळीमागं सुलतानपूर होतं. गाडीवाट सोडून नाल्यानं जाणारे बाबाही मला त्यात दिसत होते. मी रांगेतून हललो नाही. वीस मिनिटं नुसता उभा राहिलो. एवढा लांब वेळ मी आयुष्यात क्वचितच काढला असेल.

वायू आला. नळीत सोडला, आणि हळदीसारखा पिवळा गाळ आला. कॅडमियम. तो टाळून पुढं गेलो असतो तर चौथ्या गटात अवेळी भेटला असता, आणि मी त्याला काय म्हणून ओळखलं असतं कुणास ठाऊक. पुढच्या गटांत काही नव्हतं. तरी मी एकेक दार वाजवून बघितलं. उकळलं, नवसागर टाकला, मग अमोनिया. नळीतलं पाणी नितळ राहिलं. रिकाम्या नळीकडे बघून एवढं समाधान होतं हे मला नवीन होतं.

परीक्षकांनी वही बघितली. "अमोनियम कुठून आलं?" बहुधा ते सगळ्यांनाच विचारत असावेत. त्यांनी मला ओळखल्याचं दिसलं नाही.

"कोरड्या पुडीतून, सर. काहीच टाकायच्या आधी."

"तिसऱ्या गटात अमोनियम क्लोराइड आधी का?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं, नीट, सगळ्या शब्दांसकट. ते ऐकत होते. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "ओरडून झाल्यावर तोंड दाबून उपयोग नसतो, सर." चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निकाल लागला तेव्हा थंडी पडली होती. गुणपत्रिका आणायला बाबा म्हणाले, मी येतो. तीन वर्षं मी त्या कॉलेजात होतो पण ते कधी आत आले नव्हते. कार्यालयाच्या पायरीशी त्यांनी जोडे काढले. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, सगळे घालूनच जातात. "जाऊ दे त्याईले," ते म्हणाले. कारकुनानं कागद दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "याच्यात आधीच्या नापासाचं कुठं लिवलं हाय?"

"नाही लिहिलं. हा पासाचा कागद आहे."

"लिवाले पाह्यजे होतं."

"काऊन, बाबा?"

"मंग वाचनाऱ्याले समजन कसं, पास व्हाले काय लागलं थे?"

परतीच्या बसमध्ये ते एका अनोळखी माणसाच्या शेजारी बसले. त्या माणसाच्या मांडीवर नव्या टोपल्यांची चळत होती. बस सुटायच्या आत बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा माहा पोट्टा. नापास झाला होता." मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. खोली, पीठ, पुडी, बाटली. लंगडा गोऱ्हाही त्यांनी सोडला नाही. टोपलीवाला चांगला हुंकार देणारा होता, त्यामुळं बाबांना आणखीच चेव आला. देऊळघाट येऊन गेलं तेव्हा ते वाकड्यातिकड्या पेरलेल्या वावरापर्यंत पोचले होते, आणि पुढचे आठ जण कान देऊन ऐकत होते. आमचा फाटा आला तेव्हा त्यांच्या कहाणीत मी परीक्षेच्या खोलीत रांगेत उभा होतो. कंडक्टरनं घंटी मारली.

आम्ही उतरलो. बस हलली. टोपलीवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "ओ पाव्हनं! मंग? झाला का नाई पास?"

बाबा जोडे फटफटवत बसच्या मागं धावले. मी त्यांना असं धावताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "झाला!" ते ओरडले. "झाला ना!" खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला, मग धूळ उडाली.

बाबा दम घेत परत आले. "आईकलं ना त्यानं?"

"हाव. आईकलं."

त्यांनी धोतर झटकलं आणि नाल्याच्या वाटेकडे न वळता सरळ गाडीवाटेनं चालू लागले. थोडं पुढं गेल्यावर विचारलं, "सुलतानपूरले कई जाचं मंग?"

"सोमवारी," मी म्हणालो.